मिकान

मे महिना. मानेवाड्यात, गच्चीखालच्या खोलीत
कूलर पाणी पिऊन गुरगुरतो आहे
आणि मी, जिल्हा परिषदेचा निवृत्त टंकलेखक,
मिनिटाला तीस शब्द, चुका फार तर दोन,
शलाकाने मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरला
जपानी शिकवतो आहे.

आधी नुसते डबे दिसायचे.
हायाशीबाईंचा निरोप उघडला की
चौकोन, चौकोन, चौकोन,
रेशनच्या दुकानात रिकामी पिंपं मांडावीत तसे.
फाँट टाकला तेव्हा पिंपं भरली.
वाचता तरीही येईना,
पण रिकामं नव्हतं, एवढं कळलं.

यादीत जपानी दोनदा येतं.
एक नुसतं, एक कंसात शेपूट असलेलं.
मी नुसतं घेतलं. साधा माणूस.
दोन दिवस इंग्रजीच उमटत राहिली.
शलाका फोनवर म्हणाली,
बाबा, शेपटीवालं घ्या अन् मग लॉगआउट करा.
म्हणजे?
म्हणजे बाहेर जा, परत आत या.
मी काही बोललो नाही.
तिला बाहेर जाऊन तीन वर्षं झालीत.

परत आलो तर वरच्या पट्टीवर
एक अ बसलेला, मांडी घालून,
आपल्या अ-शी ओळख न दाखवता.

बोटांची पंचाईत निराळीच.
तेहेतीस वर्षं माझा क राहिला
डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली,
'के'वर काना, 'ए'वर अनुस्वार.
आता के आणि ए दाबून क काढायचा,
म्हणजे काना रोवायचा, त्यावर टिंब ठेवायचं
आणि अक्षर जन्मेल म्हणून वाट पाहायची.
जन्मतं बाप्पा. खरंच जन्मतं.

तक्ता छापून भिंतीला लावला:
अ इ उ ए ओ,
क स त न ह म य र व.
अरे, ही तर आपलीच रांग,
मधली माणसं कुठे उतरून गेलेली.
ल आणि र एकाच खोलीत भाड्याने,
म्हणून माझ्या शलाकाची तिकडे शाराका झाली.
ळ-ला तर दारातही उभं करत नाहीत.
म्हणजे बाळ नाही, जवळ नाही, वेळ नाही.
ठीक आहे. त्यांच्यावाचून लिहू.

आडनाव टाकलं, खोब्रागडे.
अर्ध्यातच यंत्राने काहीतरी पुढे केलं.
शलाका तिकडून स्क्रीन बघत हसली,
कोब्रा म्हणतंय, बाबा!
म्हटलं, असू दे. नागपूरचाच आहे.

हायाशीबाई एक्क्याण्णव वर्षांच्या.
शलाका त्यांना आंघोळ घालते, पेज भरवते,
कानाझावात, जिथे बर्फ पडतो.
त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे काय पिकतं?
मी लिहिलं, आमच्याकडे मिकान असतं.
जमलं तर पाठवलं असतं.
मिकान म्हणजे संत्रं, हे मी आधी विचारून ठेवलेलं.
स्पेस दाबली, खाली शब्दांचा घोस लोंबला.
त्यातला कमी रेघांचा उचलला,
टाईपरायटरवर वाढलेला माणूस, किफायत बघतो.

रात्री फोन आला.
बाबा, तुम्ही 'अपूर्ण' लिहिलंत.
त्याचाही उच्चार मिकानच.

आमच्याकडे अपूर्ण असतं.
जमलं तर पाठवलं असतं.

काय म्हणाल्या गं त्या?
दोनदा वाचून घेतलं, ती म्हणाली.
मग म्हणाल्या, इकडेही होतं.

नोकरीत चूक झाली की पांढरी शाई होती,
फुंकर मारायची, वाळू द्यायची, वरून ठोकायचं.
इथे नवा निरोप उघडून बसलोय.
काटोलकडे आंबिया बहाराची फळं
सध्या सुपारीएवढी, हिरवीगार, कडू.
स्पेस. पुन्हा स्पेस.
एकदा संत्रं, एकदा ते दुसरं.
शब्दाखाली अजून रेघ आहे,
म्हणजे पक्का झालेला नाही.

कूलर खरखरायला लागला.
उठून दोन बादल्या ओतून येतो.